होंडा सिटी : गाडी कशी बदलत गेली आणि घेणाऱ्याने काय पाहावे?

बुद्धविहाराच्या पटांगणात पूर्वी सायकली आणि एखाददुसरी स्कूटर उभी असे. आज तेथे चारचाकी गाड्याही दिसतात. रेल्वे, बेस्ट, महानगरपालिका, पोस्ट, बँक अशा नोकऱ्यांत हयात घालवलेल्या आईवडिलांची मुले शिकली, कमावती झाली आणि आता घरात गाडीचा विचार सुरू झाला. ही आनंदाची गोष्ट आहे.

आमच्या समाजाच्या दृष्टीने वाहन ही केवळ चैनीची वस्तू कधीच नव्हती. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले, तेव्हा मसूर स्टेशनवर त्यांना बैलगाडीत घ्यायला कोणी तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुलांना प्रवास करावा लागला. पुढे परदेशात शिकून मोठ्या पदव्या मिळवल्यानंतरही, १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकण्यास नकार दिला. सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांच्या दारात स्वतःची गाडी उभी राहते तेव्हा तिचा अर्थ वेगळा असतो.

म्हणूनच ही खरेदी डोळसपणे झाली पाहिजे. आमचे अनेक वाचक ज्या गाडीबद्दल विचारतात, ती होंडा सिटी आम्ही या लेखासाठी निवडली आहे. मध्यम आकाराची, मागे डिकी असलेली, चपळ म्हणून नावाजलेली ही गाडी. नवी परवडत नसली तरी जुन्या बाजारात ती भरपूर मिळते. मात्र ‘सिटी’ ही एक गाडी नाही. भारतात या नावाच्या पाच पिढ्या झाल्या असून प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली पिढी : १९९८ ते २००३

‘सिटी’ हे नाव होंडाने जपानमध्ये १९८१ साली एका छोट्या गाडीला दिले होते. १९९६ मध्ये त्याच नावाची डिकीवाली गाडी थायलंडमध्ये आली. दरम्यान डिसेंबर १९९५ मध्ये होंडाने भारतीय भागीदारासह येथे कंपनी स्थापन केली, ग्रेटर नोएडा येथे कारखाना उभारला आणि जानेवारी १९९८ मध्ये पहिली सिटी भारतात विक्रीस आणली.

सुरुवातीला १.३ आणि १.५ लिटरची पेट्रोल इंजिने होती. पुढे आलेल्या ‘व्हीटेक’ प्रकाराने सिटीला खरे नाव मिळवून दिले. त्याची ताकद १०६ अश्वशक्ती होती. व्हीटेक म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत सांगतो. हवा आणि पेट्रोल आत घेण्यासाठी इंजिनाला व्हॉल्व असतात. ते किती उघडावेत आणि किती वेळ उघडे राहावेत, हे साध्या इंजिनात कायमचे ठरलेले असते. व्हीटेकमध्ये इंजिन कमी वेगाने फिरताना व्हॉल्व बेताने उघडतात, म्हणून पेट्रोल वाचते. वेग वाढला की ते अधिक उघडतात, म्हणून जोर वाढतो.

ही गाडी हौशी मंडळींना आजही प्रिय आहे. मात्र कुटुंबाच्या रोजच्या वापरासाठी ती घेऊ नये, असे आमचे मत आहे. तिचे वय वीस वर्षांच्या पुढे गेले आहे. इंजिनातील टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नसेल आणि तुटला, तर दुरुस्ती फार महाग पडते.

दुसरी पिढी : २००३ ते २००८

२००३ मध्ये आलेली सिटी पाहून जुने चाहते नाराज झाले. गाडी उंच दिसू लागली आणि ताकद ७७ अश्वशक्तीवर आली. कंपनीने या वेळी वेगाऐवजी ॲव्हरेज आणि ऐसपैस जागेकडे लक्ष दिले होते. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली नेल्यामुळे मागे पाय पसरायला जागा मिळाली. इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ स्पार्क प्लग होते. प्लग बदलताना आठांचा खर्च येतो, हे जुनी गाडी घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. नंतर व्हीटेक इंजिनही परत आले आणि २००५ मध्ये ‘झेडएक्स’ नावाने चेहरा बदलला.

तिसरी पिढी : २००८ ते २०१३

२००८ मध्ये सिटी पुन्हा चपळ झाली. बाणासारखा पुढचा भाग, १.५ लिटरचे आय-व्हीटेक इंजिन आणि ताकद ११८ अश्वशक्ती. ड्रायव्हिंगची आवड असणाऱ्यांमध्ये ही पिढी गाजली. पण गाडी बुटकी आहे. आपल्याकडच्या गतिरोधकांवर चार माणसे बसवून गेल्यास खालून घासते. म्हणून जुनी गाडी बघताना ती खालून अवश्य पाहावी. या पिढीत डिझेल इंजिन नव्हते. त्या काळात डिझेल स्वस्त असल्याने बरेच गिऱ्हाईक दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांकडे वळले.

चौथी पिढी : २०१४ पासून

जानेवारी २०१४ मध्ये ती उणीव भरून निघाली. १.५ लिटरचे, १०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आले आणि कंपनीने लिटरला २६ किलोमीटरचा दावा केला. पेट्रोल इंजिनही कायम राहिले. २०१७ च्या बदलानंतर सर्व प्रकारांत दोन एअरबॅग व एबीएस ब्रेक देण्यात आले. त्याआधीच्या तळाच्या काही प्रकारांत एअरबॅग नव्हत्या, म्हणून जुन्या गाडीत त्या आहेत की नाहीत हे प्रत्यक्ष पाहावे. ग्लोबल एनकॅपच्या २०२२ च्या चाचणीत या पिढीला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचपैकी चार तारे मिळाले.

पाचवी पिढी : २०२० पासून

जुलै २०२० मध्ये आलेली सिटी आणखी लांब-रुंद झाली. पेट्रोल इंजिन १२१ अश्वशक्तीचे आणि गिअर सहा. मे २०२२ मध्ये पेट्रोलसोबत विजेची मोटार असलेला हायब्रीड प्रकार आला. त्याचा कंपनीचा दावा लिटरला २६.५ किलोमीटर होता. २०२३ मध्ये डिझेल इंजिन बंद झाले. त्याच वर्षी पुढील वाहनाचा अंदाज घेऊन स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणाही अनेक प्रकारांत आली.

नवी गाडी घेणाऱ्याने कराचा हिशेबही समजून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. सिटी साडेचार मीटरची आणि १.५ लिटर इंजिनाची असल्याने तिला ४० टक्के लागतो. नव्या सिटीची किंमत इतकी का, याचे एक उत्तर येथे आहे.

जुनी घ्यायची तर कोणती?

आमचे मत स्पष्ट आहे. बहुतेक कुटुंबांसाठी चौथ्या पिढीतील, शक्यतो २०१७ नंतरची पेट्रोल गाडी सर्वांत योग्य. डिझेलचा मोह रोज लांबचा प्रवास असेल तरच धरावा. तिसरी पिढी स्वस्त मिळते, परंतु तिची १५ वर्षांची नोंदणी संपत आलेली किंवा संपलेली असते. नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. शिवाय पर्यावरण कर आणि गाडीची तपासणी असतेच. स्वस्त गाडीच्या किमतीत हा खर्च आधीच धरावा.

पाहणीच्या वेळी आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. विकणाऱ्याचा नव्हे. पुढील गोष्टी पाहाव्यात :

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपला दोष लपवते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे.

खड्ड्यांतून गाडी हळू चालवावी. स्टिअरिंगमधून किंवा पुढच्या चाकांकडून खडखड आवाज आल्यास त्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिकावे. मुंबई, कोल्हापूर, सांगली येथील पुरांत असंख्य गाड्या बुडाल्या. पायाखालचा गालिचा उचलून बघावा, सीटच्या पट्ट्यांवर गंज आहे का ते पाहावे, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर चिखलाचा डाग शोधावा. बुडालेल्या गाडीची वायरिंग पुढे वर्षानुवर्षे त्रास देते.

टायरवर चार आकडे एकत्र छापलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनाट रबरावर विश्वास ठेवू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला समृद्धी महामार्गाने नागपूरला जाणाऱ्यांनी तर हे आवर्जून पाहावे. सतत वेगात पळताना टायर तापतात आणि जुने टायर फुटण्याचा धोका असतो.

एअरबॅगचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधील स्फोटक रसायन उष्ण आणि दमट हवेत खराब होऊन, अपघाताच्या वेळी धातूचे तुकडे उडवू शकते, असे उघड झाले. होंडासह अनेक कंपन्यांनी जगभर गाड्या परत बोलावल्या. भारतातील जुन्या सिटीही त्यांत होत्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर सांगितल्यास आपल्या गाडीचे काम झाले आहे की बाकी आहे ते कळते. हे काम मोफत होते. टोकन देण्यापूर्वीच ही चौकशी करावी.

कागद पक्के, तरच गाडी आपली

आर.सी. बुकावर कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. परराज्यातील गाडीला फॉर्म २८ म्हणजे तेथील आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरावा लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आणले. त्यानंतर तेथील बऱ्याच गाड्या कमी भावात इतर राज्यांत आल्या. भाव पाहून भुलू नये. कर आणि नोंदणी धरून हिशेब करावा.

आपली गाडी विकणाऱ्यांनीही सावध राहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी तोंडी व्यवहारात दुसऱ्याला दिली, नाव बदलले नाही आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते. ‘नाव नंतर करू’ हा शब्द स्वीकारू नये. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावा आणि थकलेले ई-चलानही तपासावे.

ऋण नसण्याचे सुख

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. धन असण्याचे सुख, त्याचा उपभोग घेण्याचे सुख, ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. म्हणजे उपभोगाला धम्माचा विरोध नाही. मात्र त्याच्या शेजारीच ऋणमुक्तीला स्थान दिले आहे. दीघजाणूला दिलेल्या उपदेशातही मिळकत आणि खर्च तराजूप्रमाणे तोलून पाहायला सांगितले आहे.

आपणही तोलून पाहू. नव्या गाडीसाठी आठ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,३०० रुपये येतो. एकूण फेड सुमारे ११ लाख १६ हजार. म्हणजे तीन लाखांहून अधिक नुसते व्याज. जुन्या गाडीसाठी तीन लाख रुपये १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,३०० येतो आणि व्याज सुमारे ७० हजार. यात पेट्रोल वेगळे. महिन्याला ८०० किलोमीटर चालवली आणि लिटरला १४ चे ॲव्हरेज धरले, तर ५७ लिटर लागते. लिटरचा भाव शंभराच्या वर धरल्यास हा खर्च सहा हजारांच्या आसपास जातो. शिवाय विमा, सर्व्हिसिंग आणि पार्किंग.

हे सर्व भागवून मुलामुलींच्या शिक्षणाचे पैसे आणि आजारपणाची शिल्लक हात न लावता राहत असेल, तर गाडी जरूर घ्यावी. शिक्षणाच्या पैशावर हात पडत असेल तर दोन वर्षे थांबावे. गाडी तोवर स्वस्तच होते. मुलाचे वाया गेलेले वर्ष मात्र परत येत नाही. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घ्यावी, हे कारण पुरेसे नाही.

गाडी आलीच तर ती घरातील एकाच पुरुषाची मिरासदारी होऊ देऊ नये. पत्नीने, मुलीनेही लायसन काढावे. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर त्याचा उपयोग कळतो. मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावावा. पंचशीलातील पाचवे शील तर गाडीत बसताना सर्वांत आधी आठवावे. लग्न असो, जयंतीची मिरवणूक असो, मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये. १२० अश्वशक्ती हाताखाली असणाऱ्याचे चित्त जागे असले पाहिजे.

भवतु सब्ब मंगलं.