२७ कोटींचा प्लेयर की गावचा बॉलर? विदर्भाच्या रणजीतून जे समजलं ते

ज्यांचे हेडफोन घरी राहिले किंवा ज्यांच्याकडे ऑडिओ अडकत अडकत चालतो, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना झालेलं "म्हणजे, म्हणजे" कापलंय, बाकी बहुतेक तसंच आहे.

विषय माझ्या घरचाच आहे. मी सावली तालुक्यातला. नोकरी सॉफ्टवेअरची, पुण्यात. आमच्याकडे धान निघालं की बांध्या रिकाम्या होतात आणि टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. दोन वर्षांआधी आमच्या टीमने वर्गणी करून बाहेरून दोन प्लेयर आणले. दिवसाचे तीन हजार, पेट्रोल वेगळं, रात्री चिकन. ते दोघं आले म्हणून गावचे दोघं बाहेर बसले. त्यातला एक आमचा डावखुरा बॉलर, एरवी ट्रॅक्टर चालवतो. त्या मैदानावर कालव्याकडच्या बाजूने बॉल खाली राहतो, हे त्याला झोपेतही माहीत. आणलेल्या बॉलरला कोणी सांगितलंच नाही. सेमीफायनलला तो तिकडून शॉर्ट टाकत राहिला आणि फिल्डिंग भलतीकडेच लागलेली. बॅट्समनने चाळीसेक रन काढले, ते खरं. पण तो आमच्या पोराचा "हो" ऐकून पळाला आणि पोरगं अर्ध्यातून परत फिरलं. हरलो. डावखुरा मला एवढंच म्हणाला, "भाऊ, मले सांगाचं तरी होतं." त्यानंतर तो ग्राउंडवर आला नाही.

आता परत ग्रुपवर मेसेज आहे: या जानेवारीत दोघं आणायचे, तू पाच हजार पाठव. पाठवू का? या प्रश्नामुळे मी चार रात्री जुने स्कोअरकार्ड उघडून बसलो होतो.

सुरुवात विदर्भापासूनच करू. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय आणि २०१७ पर्यंत एकदाही फायनलला पोहोचला नव्हता. साठ वर्षं! मग २०१७-१८ला कोलकात्यात सेमीफायनलमध्ये कर्नाटकला फक्त ५ रनांनी हरवलं. रजनीश गुरबानीने त्या मॅचमध्ये १२ विकेट घेतल्या. (गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे. डिग्री घेऊन काय केलं, असं मला घरी कोणी विचारलं की मी त्याचं नाव सांगतो. फायदा होत नाही.) फायनल इंदूरला, समोर दिल्ली. दिल्लीकडे गौतम गंभीर, कॅप्टन ऋषभ पंत. आपला एकमेव टेस्ट स्टार, खाणकामगाराचा पोरगा उमेश यादव, तेव्हा इंडियाबरोबर साउथ आफ्रिकेला गेलेला. म्हणजे फायनलला विदर्भाकडे स्टार नव्हताच म्हणा ना. तरी गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने पहिली सेंच्युरी मारली आणि १ जानेवारी २०१८ला विदर्भ ९ विकेटने जिंकला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्रविरुद्ध परत फायनल. आदित्य सरवटेने ११ विकेट घेतल्या, पुजाराला दोन्ही डावांत काढलं, एकदा १ वर आणि एकदा ० वर. परत चॅम्पियन.

इथे थांबून "बघा, गावची पोरं जिंकली, पैशाचं काय काम" असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण ते खरं नाही. त्या टीममध्ये वसीम जाफर होता, अख्खी करिअर मुंबईकडून खेळलेला. गणेश सतीश होता, कर्नाटकचा. कोच चंद्रकांत पंडितही मुंबईचे. रणजीत एका टीमला बाहेरचे जास्तीत जास्त तीन प्लेयर घेता येतात, आणि विदर्भाने ती सोय नीट वापरली. म्हणजे बाहेरचा आणावा की नाही, हा प्रश्नच चुकीचा निघाला. आणलेल्याला तुम्ही टीममध्ये कसं बसवता, ते बघायला पाहिजे.

जाफर २०१५ला आला. पहिली ट्रॉफी त्यानंतर तिसऱ्या सीझनला. २०१८-१९ला त्याने १०३७ रन काढले, वय चाळीस. पण कॅप्टन होता फैज फजल, इथलाच. २०१७-१८चे टीमचे सगळ्यात जास्त रनही फैजचेच, ९१२. स्टारला बोलावलं, पण घराची चावी त्याच्या हातात दिली नाही.

आणखी एक गंमत बघा. २०१७च्या त्या सेमीफायनलमध्ये आपल्याविरुद्ध १५३ मारले होते करुण नायरने. फायनलमध्ये दिल्लीकडून १४५ मारले होते ध्रुव शोरीने, आणि गुरबानीच्या हॅटट्रिकची तिसरी विकेटही तोच. पुढे २०२३-२४ला हे दोघंही विदर्भाकडून खेळायला आले! पहिल्या वर्षी वानखेडेवर मुंबईकडून फायनल हरले. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२५च्या सेमीफायनलला, समोर परत मुंबई: रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे, शार्दुल. नागपुरात पार्थ रेखडेने एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्या आणि दुबे तिघांना काढलं. विदर्भ ८० रनांनी जिंकला. फायनलला केरळविरुद्ध ३ बाद २४ अशी हालत होती. तिथून २१ वर्षांचा दानिश मालेवार आणि नायर यांनी २१५ची पार्टनरशिप केली. ती तुटली कशी? रनआउट. रन काढताना दोघांची गडबड झाली आणि नायर ८६ वर गेला. सीझनभर सोबत राहूनही असं होतं, मग आदल्या रात्री आलेल्या माणसाकडून मी काय अपेक्षा करत होतो? फायनल ड्रॉ झाली, ३७ रनांच्या लीडवर ट्रॉफी आपली. आणि हर्ष दुबे, आपलाच पोरगा, एका रणजी सीझनमध्ये ६९ विकेट घेऊन रेकॉर्ड करून गेला.

आता थोडं गणित, कंटाळू नका. ११ जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या जोड्या होतात ५५. दोन नवे घातले की त्यातल्या १९ जोड्या एकदम कोऱ्या. कबड्डीत ७ जण, जोड्या २१. तिथे दोन नवे आले की ११ कोऱ्या, म्हणजे अर्ध्याहून जास्त. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. फ्रेड ब्रुक्सने १९७५लाच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर नवीन माणसं टाकली की अजून उशीर होतो. मॅनेजर लोक ते वाचतात आणि तरी माणसं टाकतात.

पण सगळ्या खेळांत जोडीला सारखं वजन नसतं. २०१४ला काही संशोधकांनी फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉलचा डेटा तपासला होता. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये स्टार एका मर्यादेपलीकडे वाढले की टीम उलट खराब खेळते, असं निघालं. बेसबॉलमध्ये तसं निघालं नाही. कारण तिथे बॉल टाकणारा एकटा, मारणारा एकटा. स्टार आपली किंमत खिशात घेऊन येतो. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओहतानीला दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलर कबूल केले आणि २०२४, २०२५ दोन्ही वर्षी जिंकले. तरी गॅरंटी नाहीच. २०२३ला न्यूयॉर्क मेट्सने पगारावर तोवरचा सगळ्यात जास्त पैसा ओतला आणि ७५ मॅच जिंकून ८७ हरले. आणि केमिस्ट्रीवाल्यांनाही एक उत्तर द्यावं लागेल. १९७२ ते ७४ ओकलंडची टीम ड्रेसिंग रूममध्ये एकमेकांना मारायची आणि तिन्ही वर्षी चॅम्पियन झाली.

कबड्डी दुसऱ्या टोकाला. परदीप नरवालने पाटण्याला लागोपाठ तीन ट्रॉफ्या दिल्या. २०२१ला यूपीने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतलं. त्याच सीझनच्या सेमीफायनलला यूपी हरली, आणि कोणाकडून? पाटण्याकडून. पाटणा तेव्हा डिफेन्सवर खेळत होतं, आणि साखळी धरायला सोबतच्या हाताचा अंदाज लागतो. तो लिलावात मिळत नाही.

क्रिकेट माझ्या मते बेसबॉलच्या जवळचं, पण रनिंग आणि फिल्डिंग आली की कबड्डीकडे सरकतं. आयपीएल २०२५ घ्या. पंत २७ कोटींचा, लखनऊ सातव्या नंबरावर. पण श्रेयस अय्यर २६ कोटी ७५ लाखांचा, आणि पंजाब फायनलला. सारखाच पैसा, निकाल वेगळे.

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांतही मुंबई-पुण्याचा कलाकार पत्रिकेवर मोठ्या फोटोत असतो. त्याच्यामुळे गर्दी येते, नाकारत नाही. पण रात्रभर नाटक ओढून नेतात वडशाचे रोजचे कलाकार.

तर ग्रुपवर मी हे लिहिलं: पाच हजार देतो. दोन नाही, एकच आणा. बॅट्समन आणा, बॉलर नको, बॅट तो सोबत घेऊन येतो, आपला कालवा त्याला माहीत नसतो. आणि तो आठ दिवस आधी येऊन आपल्यात खेळला पाहिजे, राहायची सोय आमच्या घरी. सात जणांनी बघितलं, एकाने अंगठा दिला, एकाने लिहिलं, "पुण्यात बसून सांगणं सोपं असते भाऊ." बरोबर आहे त्याचं.

मग डावखुऱ्याला फोन लावला. मागे ट्रॅक्टर चालू होता, अर्धं ऐकू येत नव्हतं. म्हटलं, या वर्षी कालव्याकडून तूच टाकशील का? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "धान निघू दे, सांगतो."