लंडनचे वार्तापत्र : खलिफाच्या नावाची ख्रिस्ती मोहोर

क्रूसेडरांचे नाणे म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे एका अंगावर क्रूस, दुसऱ्या अंगावर बुरूज आणि कडेने लॅटिन अक्षरे असा चांदीचा तुकडा उभा राहतो, आणि जेरुसलेमच्या राजांची हलकी नाणी बहुतांशी तशी आहेतही. परंतु त्या राज्याचा मोठा व्यवहार ज्या सोन्यावर चाले, ती बेझंट नावाची मोहोर आपला एखादा मुनशी निःशंकपणे मुसलमानी अमलाच्या कप्प्यात टाकील, कारण तिच्यावर कुफी लिपीत कलमा आणि फातिमी खलिफा अल्-आमिर याचे नाव असते. धर्मरक्षणार्थ समुद्र ओलांडून आलेल्या या मंडळींनी शत्रूच्या दिनाराची नक्कल सुमारे शतकभर चालविली, कारण बाजाराला तोच शिक्का ओळखीचा होता. येथील विद्वान हे मोठ्या नवलाने सांगतात, तेव्हा पेशव्यांच्या अमलात दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडणारा अंकुशी रुपया ज्याने पाहिला आहे त्याला मनात हसू येते. आणि यांच्याच कंपनी सरकारने शाह आलम वारल्यावरही त्याचे नाव १८३५ पर्यंत आपल्या रुपयावर वागविले, याची आठवण करून दिली की विषय हवापाण्याकडे वळतो.

पुढे फ्रान्सच्या नवव्या लुईबरोबर आलेला पोपचा वकील ओद द शातोरू याच्या नजरेस हा प्रकार पडला, त्याने पोपकडे तक्रार गुदरली, आणि त्याच राज्यातील अक्का शहरी १२५१ साली नवी नाणी पडली : लिपी अरबीच, पण मजकूर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा, मधोमध क्रूस, आणि सन ख्रिस्ताचा. पोपची धर्मनिष्ठा आणि सराफांचा रोजमेळ एकाच साच्यात बसविणाऱ्या त्या टांकसाळीच्या कारभाऱ्यास आपल्या कोणत्याही दरबारात जहागीर मिळाली असती. सोन्यातील हे नमुने फार थोडे उरले आहेत. ही अरबी मजकुराची नाणी क्रूसेडरांचीच, हा निवाडा आंरी लाव्वा याने पॅरिसमध्ये १८७७ साली पुस्तकरूपाने मांडला, दुसऱ्याच वर्षी श्लुंबर्जेचा ग्रंथ आला, आणि १९५८ साली बालोग व इव्हों यांनी पुन्हा नव्याने वर्गवारी लावली. अक्षरांची वळणे बिघडलेली, सोन्याचा कस उतरलेला, एवढ्याच आधारावर अस्सल दिनारापासून नक्कल निराळी काढायची. अरबी न जाणणाऱ्या खोदकाराची चूक हाच येथे सर्वांत भरवशाचा साक्षीदार.

परंतु मला खरा हेवा वाटतो तो मालकीच्या हिशेबाचा. मोहोर लिलावात आली की तिच्याखाली एक वाटोळी कागदी चिठ्ठी निघते, तीवर कोण्या दिवंगत गृहस्थाचे बारीक अक्षर. त्या अक्षरावरून त्याच्या संग्रहाच्या विक्रीची यादी काढायची, यादीच्या समासात कोणी पेन्सिलीने टिपलेली किंमत व खरेदीदाराचे आडनाव वाचायचे, छायाचित्राच्या पानावरील काठाची खोच हातातील नाण्याशी ताडून पाहायची, आणि अशा रीतीने तीन-चार पिढ्या मागे जायचे. आपण शेताच्या गुंठ्याचा फेरफार आजोबांच्या आजोबांपर्यंत काढतो, इनामाच्या सनदेसाठी भावाभावांत कोर्टकज्जे करतो, पण घरातील मोहोर कोठून आली असे विचारले तर उत्तर एकच : पूर्वापार. आमच्या एका आत्याबाईंच्या पुतळ्यांच्या माळेत व्हेनिसची खरी डुकाटे होती. अरबी समुद्र ओलांडून ती कोकणपट्टीत कोणत्या सावकाराच्या हाती उतरली हे लिहून ठेवण्याची बुद्धी कोणास झाली नाही, आणि नातीच्या लग्नात त्यांच्या पाटल्या झाल्या. मी हळहळलो तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "अरे, सोनं कुठं गेलंय? हातातच आहे की!" या युक्तिवादास लंडनच्या एकाही ग्रंथात उत्तर नाही. शिवाय सरकारचा १८७८चा कायदा असा की, दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरास वर्दी द्यावी. नांगराला हंडा लागलेला कुणबी कचेरीच्या खेपा आणि पंचनामा डोळ्यांपुढे आणतो, आणि रात्रीतूनच सोनाराची मूस गाठतो.

तथापि या टापटिपीची स्तुती करताना एक गोष्ट मला खुपते. सारी वंशावळ येथल्या दिवाणखान्यांतील. अमक्या उमरावाची चिठ्ठी असेल तर किंमत चढते, परंतु अक्क्याच्या भुईतून ती मोहोर कोणी उकरली, तिच्याबरोबर हंड्यात आणखी काय होते, आणि त्या माणसास काय मिळाले, याचा एका ओळीचाही दाखला सहसा नसतो. एका वयोवृद्ध विक्रेत्यास मी हे विचारले. त्याने चष्मा पुसला, यादी माझ्याकडे वळविली, आणि "एका जुन्या युरोपीय संग्रहातून" या शब्दांवर अत्यंत सौजन्याने बोट ठेवले.