कापसाच्या मुलखातील गिटार

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावात सायंकाळी भजनी मंडळाच्या टाळ-खंजिरीचा नाद कानी आला, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु त्याच गल्लीतील एखाद्या खोलीतून विजेवरच्या गिटारचा झणत्कार आणि ड्रमचा ठेका ऐकू आला, की कपाळाला आठ्या पडतात. ‘हे कोठले परदेशी थेर?’ असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न विचारणारी मंडळी बहुधा सद्हेतूनेच विचारतात. तथापि त्यामागे जे गृहीत आहे ते तपासून पाहावयास हवे. रॉक संगीत हे महानगरांतील सुखवस्तू मुलांचे खूळ असून कापूस पिकविणाऱ्या मातीशी त्याचे काही नाते नाही, हे ते गृहीत होय. इतिहास मात्र नेमके उलट सांगतो.

रॉक संगीताचे मूळ ज्या ‘ब्ल्यूज’ गायनात आहे, ते अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या शेतांत वाढले. राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांनी आपले दुःख, आपली थट्टा आणि आपली आशा त्यात ओतली. मडी वॉटर्स हा विख्यात गायक मिसिसिपीतील अशाच एका कापूसमळ्यावर वाढला. 1943 मध्ये तो शिकागोस गेला. तेथील गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. 1950 मधील त्याच्या एका गाण्यावरून पुढे ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज वाद्यवृंदाने आपले नाव घेतले.

लिव्हरपूल हे ‘बीटल्स’चे गाव. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस याच बंदरात उतरत असे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस थांबला, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. उमरावतीच्या, म्हणजे आजच्या अमरावतीच्या, नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाणारा आपला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाई. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी यांचे वडील याच शहरात कापसाच्या एका पेढीवर विक्रेते होते आणि फावल्या वेळात स्वतःचा वाद्यवृंद चालवीत. वऱ्हाडातून सरकी काढलेल्या रुईचे गठ्ठे ज्या गावी गेले, त्याच गावातून ही गाणी जगभर पसरली. तेव्हा यवतमाळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने गिटार उचलली, तर तो परक्याच्या घरात शिरतो असे म्हणण्यापेक्षा दूरच्या नात्यातल्या घरी जातो असे म्हणणेच अधिक न्याय्य ठरेल.

अर्थात महाराष्ट्रात हे संगीत प्रथम रुजले ते मुंबईसारख्या शहरांत, हेही खरे. 1984 मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. उदय बेनेगल यांचे गायन आणि महेश तिनईकर यांची गिटार ही त्याची ओळख. 1986 पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला आणि धोबी तलावाजवळच्या रंगभवनात तरुणांची गर्दी लोटू लागली. त्या पिढीतील कित्येकांचे शिक्षण म्हणजे कॅसेट पुन्हा पुन्हा मागे फिरवून एकेक सूर कानाने टिपणे. एकलव्याची ही साधना कौतुकास्पद खरी. परंतु एकलव्यांवर विसंबून कोणत्याही विद्येची परंपरा निर्माण होत नाही. त्यासाठी शाळाच लागते.

आज अशा शाळा निघाल्या आहेत. 1991 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘रॉकस्कूल’च्या आणि लंडनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या श्रेणीपरीक्षा भारतातही घेतल्या जातात. त्यांत विद्यार्थ्याला ध्वनिमुद्रित साथीबरोबर वाजवून दाखवावे लागते, स्वरलिपी वाचावी लागते, ऐकलेला सूर ओळखावा लागतो. ‘नुसता धांगडधिंगा’ म्हणून ज्याची हेटाळणी होते, त्यामागे असा रीतसर अभ्यास आहे.

परंतु परीक्षेपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे चार-पाच जणांनी मिळून वाजविणे. आपल्या शास्त्रीय संगीताचा मुख्य ओढा एकट्याच्या साधनेकडे आहे. रॉकच्या वाद्यवृंदात ड्रम वाजविणाऱ्याने लय वाढविली तर सगळ्यांचाच तोल जातो. बास गिटारवाल्याकडे श्रोत्यांचे लक्ष क्वचितच जाते, पण तो चुकला तर इमारतच खचते. दुसऱ्याचे ऐकणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, स्वतःचा आवाज आवरणे ही शिकवण कोणत्या शिक्षकाला नको आहे? विदर्भाला हा संस्कार मुळीच नवा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर गावेच्या गावे एका सुरात गावयास लावली. 1955 मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेलाही ते गेले होते. भजनी मंडळात वाढलेल्या मुलाचा लयीचा निम्मा अभ्यास गिटार हाती येण्यापूर्वीच झालेला असतो.

या शिक्षणावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला संस्कृतीचा. ज्या पेटीवाचून आज कीर्तन होत नाही, ती युरोपातून आली. 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी कित्येक वर्षे टिकली. पेटी मात्र घराघरांत राहिली. व्हायोलिन आले, क्लॅरिनेट आले, आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर राग वाजवून 1967 मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने तिला मान मिळवून दिला. वाद्याला जात नसते. ते कोणत्या हातात पडते आणि तो हात काय सांगू पाहतो, यावर सारे अवलंबून असते.

दुसरा आक्षेप आवाजाचा, आणि तो मात्र गंभीरपणे घ्यावयास हवा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली असून रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला आहे. मुंबईच्या रंगभवनातील मैफलीही याच कारणाने थांबल्या. परंतु येथे शाळा ही अडचण नसून उपाय आहे. लग्नाच्या वरातीत भिंती हादरविणाऱ्या डीजेला कोणी गुरू नसतो. संगीतशाळेतील विद्यार्थ्याला मात्र आवाज चढविण्यापूर्वी तो उतरविण्यास शिकविता येते.

तिसरा आक्षेप उपजीविकेचा. कापसाचा भाव आणि पावसाचा लहरीपणा यांनी गांजलेल्या आईबापांनी ‘याने पोट भरेल काय?’ असे विचारणे हा अरसिकपणा नव्हे. त्यांना खोटी आशा दाखवू नये. गिटार शिकणारे बहुतेक विद्यार्थी कलावंत म्हणून जगणार नाहीत. परंतु भूमिती शिकणारे सगळे तरी कोठे गणिती होतात? ज्या वयात अपयशाचे ओझे एकट्याने वाहण्याची पाळी येते, त्या वयात आठवड्यातून तीन संध्याकाळी चार मित्रांबरोबर काहीतरी अवघड पण सुंदर घडविण्याची संधी मिळणे, याचे मोल पगाराच्या आकड्यात मोजता येत नाही.

लहान गावात अशी शाळा चालेल काय, या शंकेला गोव्याने केव्हाच उत्तर दिले आहे. तेथे चर्चला जोडलेल्या शाळांतून खेड्यापाड्यांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकली. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले आणि प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांचे गुरू झाले. तेथे भव्य वास्तू नव्हती. एक शिक्षक, काही वाद्ये आणि नेमाने भरणारा वर्ग एवढेच भांडवल होते.

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथे एवढे भांडवल उभे करणे अशक्य नाही. शाळांचे वर्ग सायंकाळी रिकामे असतात. ग्रंथालयातून पुस्तके मिळतात, तशी वाद्येही घरी नेण्यास मिळू शकतील. लग्नातील बँडपथकांत कसलेले वादक आहेत; त्यांना शिक्षकाचा मान द्यावयास कोणाची हरकत असावी? मात्र शिकविले जाणारे संगीत केवळ इंग्रजी गाण्यांची नक्कल राहता कामा नये. होळीतील बंजारा लेंगी, कोलामांच्या ढोलाचा ठेका आणि वऱ्हाडी बोलीचा तिरकस विनोद त्यात उतरला, तरच ते संगीत येथले होईल.

आणि त्या वर्गाचे दार मुलींनाही तितकेच उघडे असले पाहिजे. श्रीनगरमधील दहावीच्या वर्गातील तीन मुलींनी ‘प्रगाश’ हा रॉक वाद्यवृंद उभारला आणि डिसेंबर 2012 मध्ये तो स्पर्धेत वाजविला. पुढे शिव्याशाप आणि धर्मगुरूंचा विरोध यांमुळे फेब्रुवारी 2013 मध्ये त्यांना तो मोडावा लागला. ‘प्रगाश’ म्हणजे प्रकाश. तो दिवा विझविण्यास तोफा लागल्या नाहीत; शेजारपाजारच्या भुवया आणि निनावी धमक्या पुरल्या. आपल्या गल्लीतील खोलीतून गिटारचा सूर येऊ लागेल, तेव्हा कपाळाला आठी घालण्यापूर्वी प्रत्येकाने एवढे स्मरावे. सूर कच्चा असेल तर शिक्षक द्यावा, आवाज मोठा असेल तर वेळ ठरवून द्यावी. दार मात्र लावू नये.