पावसाआधी वायपरची पाती तपासा
बंगळुरूत २ जून २०२४ रोजी एका दिवसात १११ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि जून महिन्याचा १८९१ पासूनचा उच्चांक मोडला. अशा वेळी चालकाची दृष्टी वायपरच्या रबरी धारेवर विसंबून असते. हे रबर वापराने झिजते, तसेच उन्हाने कडकही होते; म्हणून गाडी नुसती उभी असली तरी पाते टिकेलच असे नाही. काचेवर रेघा उरू लागल्या की ते बदलावे. रात्री समोरच्या दिव्यांनी त्याच रेघा चकाकतात आणि रस्ता ओलांडणारा दिसेनासा होतो. दोन्ही पात्यांची लांबी बहुधा निरनिराळी असते. जुनी मोजून, अडकवण्याची पद्धत पाहूनच नवी घ्यावीत. महागड्या पात्यापेक्षा योग्य मापाचे पाते श्रेयस्कर. ही खरेदी एप्रिलमधील वळवापूर्वीच उरकावी. धुळकट काचेवर पाणी मारल्याविना वायपर फिरवू नये.