भात सोडू नका, ताट बदला! शुगर आणि वाढत्या पोटामागचं साधं गणित

सोमाटणे : ‘शुगर निघाली, आता भात बंद!’ हे वाक्य मावळात आता घरोघरी ऐकू येतं. चार दिवस नुसती चपाती चालते, पाचव्या दिवशी भाताचं पातेलं पुन्हा चढतं. पण दोष एकट्या भाताचा आहे का?

इंद्रायणी तर आपल्याच तालुक्यातला वाण. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आधीची पिढीही ताटभर भातच खायची. पण चिखलणी, लावणी, झोडणीत तो जिरायचा. आता खाचरात पॉवर टिलर आणि कामाला जायला दुचाकी. भात तेवढाच, कष्ट मात्र कमी.

पोटात काय होतं?

भात, चपाती, भाकरी, पोहे, साखर या सगळ्यांत कर्बोदकं असतात. पचनानंतर त्यांची साखर होऊन रक्तात उतरते. इन्सुलिन ती पेशींपर्यंत पोचवतं. थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठते, गरजेपेक्षा जास्त खाल्लेलं चरबी बनून पोटावर बसतं.

तंतू म्हणजे फायबर. तो पचत नाही, तरी उपयोगाचा. तो साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतो, पोट लवकर भरतं आणि साफही राहतं.

कशात किती तंतू?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या धान्यातले तंतू साधारण असे :

- पॉलिशचा तांदूळ : ३ ग्रॅम
- बिनपॉलिशचा तांदूळ : साडेचार ग्रॅम
- ज्वारी : १० ग्रॅम
- नाचणी : ११ ग्रॅम
- बाजरी : साडेअकरा ग्रॅम

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० ग्रॅम तंतू हवेत. नुसत्या भात-आमटीवर ते भागत नाही.

‘मी तर बारीक आहे’

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचं वजन-उंचीचं प्रमाण एकच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९ टक्के, याज्ञिकांची २१ टक्के! हे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. म्हणून वजनकाट्यासोबत टेपही लावा. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर शुगर तपासून घ्या.

मग करायचं काय?

- ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग डाळ, उसळ, अंडी किंवा मासळीचा. उरलेल्या पावात भात किंवा भाकरी.
- आधी भाजी-उसळ खा, भात शेवटी घ्या.
- घरचं भात भरडताना गिरणीत पॉलिश कमी मारायला सांगा.
- एका वेळी नाचणी, ज्वारी किंवा बाजरीची भाकरी ठेवा. पिठातला कोंडा चाळून टाकू नका.
- तंतू हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. एकदम वाढवले तर पोट फुगतं.
- जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाला.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात एकदम तोडू नका, साखर फार खाली जाऊ शकते. आणि ‘आता भात खात नाही’ म्हणून गोळीही आपल्या मनानं बंद करू नका.

इंद्रायणीचा वास घरात दरवळू द्या. फक्त ताटात भात वाटीभर आणि भाजी भरपूर, एवढं पाळा.