झिरपणारे पाणी नितळ की गढूळ?

पावसाळा सुरू झाला, की रायगड जिल्ह्यातील लघु पाटबंधारे धरणांच्या पाणीसाठ्याचे आकडे नियमितपणे जाहीर होतात. महाड तालुक्यातील वरंध, खिंडवाडी, कोथुर्डे आणि खैरे ही धरणे त्यात असतात. महाड शहराच्या पाणीपुरवठ्यातही कोथुर्डेचा वाटा आहे. धरण भरले, की वर्षाची चिंता मिटली, असे मानले जाते. मात्र ते पाणी अडवणारा भराव किती सुदृढ आहे, हे साठ्याच्या टक्केवारीतून कळत नाही.

राज्यातील बहुसंख्य धरणे मातीची आहेत आणि मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच. भरावाच्या मधोमध असलेला चिकणमातीचा गाभा पाणी रोखून धरतो, तर दोन्ही अंगांची मुरमाड माती त्याला आधार देते. गाभ्यातून पाझरलेले पाणी वाळूच्या थरातून गाळले जाऊन पायथ्याच्या चरातून बाहेर पडते. हे पाणी नितळ आणि त्याचे प्रमाण स्थिर असेल, तर भीतीचे कारण नसते. ते गढूळ येऊ लागले, तर भरावातील माती वाहून जात असल्याचा तो इशारा असतो. आत पोकळी वाढत जाते आणि अखेर भगदाड पडते.

वयाबरोबर हा धोका वाढतो. झाडांची मुळे आत शिरतात, घुशी व खेकडे बिळे करतात, चर बुजतात, माथा खचतो. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण मात्र २००० मध्ये पूर्ण झालेले, म्हणजे फारसे जुने नव्हते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि वीसच्या आसपास ग्रामस्थांचा बळी गेला. गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या. तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांकडे बोट दाखवल्याने मोठा वाद झाला. खेकड्यांची बिळे असली, तरी ती वेळीच शोधून बुजवणे हा देखभालीचाच भाग असतो.

दुसरा धोका अतिवृष्टीचा. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहणे म्हणजे भराव धुपून जाणे. त्यामुळे सांडवा मोकळा असावाच लागतो. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले आणि तळिये येथे दरड कोसळली. या परिसरात पाऊस किती कोसळू शकतो, हे त्या वेळी दिसले.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार १५ मीटरपेक्षा उंच, तसेच काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी बंधनकारक आहे. त्याहून लहान बंधारे या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात.

खरी अडचण दुरुस्तीची आहे. मोठ्या दुरुस्तीसाठी अनेकदा जलाशयाची पातळी उतरवावी लागते. पण त्याच साठ्यावर उन्हाळ्यात नळ चालतात. म्हणून काम पुढच्या वर्षावर ढकलले जाते. पर्यायी पाणीपुरवठ्याची तजवीज आधी झाली, तरच भरावाची दुरुस्ती वेळेवर होऊ शकेल.