बेलम: पाण्यानं कोरलेली गुहा

गुहा म्हटलं की मराठी माणसाला अजिंठा-वेरूळ आठवतं. बेसॉल्ट आणि छिन्नी. बंगळुरूहून अनंतपूर-ताडीपत्रीमार्गे आंध्रातल्या बेलमला पोचलेल्या मराठी मंडळींना मात्र दिसतं ते विहिरीसारखं एक विवर.

आत उतरताच उकाडा जाणवतो. वाटाड्या पुढे, दिवे मंद, नळ्यांतून ताजी हवा सोडलेली. सव्वातीन किलोमीटरच्या या चुनखडीच्या गुहेतला जेमतेम दीड किलोमीटर पर्यटकांना खुला आहे.

ती कोरली पाण्यानं.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं, भेगांत शिरून चुनखडी विरघळवतं. तेच पाणी पुढे छतातून ठिबकताना चुना मागे ठेवतं आणि अधोमुखी लवणस्तंभ वाढू लागतात. ‘कोटिलिंगालु’ दालनात त्यांची अक्षरशः गर्दी आहे. त्यांना हात लावू नये, कारण बोटांचा तेलकटपणा नवा थर बसू देत नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवावं!

ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूटनं 1884मध्ये या गुहेची नोंद केली. जर्मन संशोधक गेबाउअरच्या चमूनं तिचं तपशीलवार सर्वेक्षण केलं, ते थेट 1980च्या दशकात.

सर्वांत खोल जागा पाताळगंगा. तिथं पाणी आजही वाहतं.